थंडीत ट्रॅक्टर सुरू होत नाही, दोष कुठे पाहाल?

रब्बीच्या दिवसांत पहाटे गार पडलेला ट्रॅक्टर सेल्फ मारून मारूनही सुरू होत नाही, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांचा आहे. अशा वेळी घाई न करता दोष शोधावा.

आधी कान द्या. इंजिन जड, हळू फिरतं का? मग दोष बहुधा बॅटरीकडे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला असेल, तर आधी अर्थची वायर सोडा, मग दुसरी. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं पुसा. ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका. जोडताना अर्थ शेवटी. पूर्ण चार्ज बॅटरीला हायड्रोमीटर लावला, तर सुमारे १.२६० ते १.२८० दिसतं. ऑइलही पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचंच घाला. दाट ऑइलानं थंडीत इंजिन जड होतं.

इंजिन जोरात फिरतं, पण पेट घेत नाही? मग सायलेन्सरकडे पाहा. धूर मुळीच नसेल, तर डिझेल पोचत नाही. टाकी व फिल्टर तपासून लाइनमधली हवा काढा. पांढरा धूर असेल, तर डिझेल पोचतं, पण जळत नाही. हीटर असल्यास तो तापतो का पाहा. रोजच असं होत असेल, तर मेस्त्रीकडून कॉम्प्रेशन तपासून घ्यावं.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांहून जास्त मारू नये. मध्ये मिनिटभर थांबावं. आणि एअर क्लीनरपाशी पेटता बोळा कधीच धरू नका. पेरणीला दोन तास उशीर झाला तरी चालेल. हात भाजला, तर हंगामच जाईल.