आजोबांच्या घरात नातवाचा वाटा किती?

माझ्यामागे दिसतो आहे तो काशीचा शिंदे घाट. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी 1830च्या सुमारास तो बांधला. दौलतराव 1827 साली वारले, पोटी मुलगा नव्हता. गादीसाठी बायजाबाईंना जनकोजींना दत्तक घ्यावं लागलं आणि 1833मध्ये त्याच दत्तकामुळे ग्वाल्हेर सोडावं लागलं.

गादीचा न्याय वेगळा, आपल्या घरांचा वेगळा. पण वारसाचा प्रश्न मला सगळीकडून येतो, पुण्याहून, इंदूरहून, इथल्या मराठी घरांतूनही: "आजोबांच्या घरात माझा जन्मसिद्ध हक्क आहे ना?"

बहुतेक वेळा, नाही.

समजा, आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घर घेतलं. हयातीत ते विकू शकतात, मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. 2010मध्ये ते मृत्युपत्र न करता गेले. त्यांची आई आधीच वारलेली. मागे आजी, दोन मुलगे आणि एक मुलगी. एक मुलगा हयात, दुसरा 2005मध्येच वारलेला. 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने चार समान वाटे होतात. चौथा वाटा वारलेल्या मुलाच्या पत्नीला आणि मुलांना मिळून. ज्याचे वडील हयात आहेत, त्या नातवाला काहीच नाही. वडिलांना मिळालेला वाटाही त्यांच्या मालकीचा. सर्वोच्च न्यायालयाने चंदर सेन खटल्यात 1986 साली हेच सांगितलं.

मग जन्माने हक्क कुठे? पणजोबांपासून वाटणी न होता एकत्र कुटुंबात चालत आलेल्या मिळकतीत. 9 सप्टेंबर 2005पासून तिथे मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे विनीता शर्मा खटल्यात 2020 साली स्पष्ट झालं. उत्तर प्रदेशातल्या शेतजमिनीला मात्र तिथला महसूल कायदा लागतो. तो वेगळा विषय.

म्हणून भांडण्याआधी तीन गोष्टी शोधा: आजोबांना मिळकत कशी मिळाली, ते कधी वारले, तेव्हा कोण हयात होतं. खरेदीखत, मृत्यूचा दाखला आणि वंशावळ यांतून बरंचसं कळतं.

आणि आत्याबाई, काकू, भाऊबीजेच्या ताटासोबत हक्कसोडपत्र पुढे आलं, तर आधी वाचा. एकदा नोंदणी झाली की ते रद्द करायला कोर्टाची पायरी चढावी लागते.