कुकर गळतो कुठून, ते आधी बघा

आम्ही भाईंदरच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. आमच्या पूर्वेला स्टीलची भांडी बनवणारे गाळे आहेत आणि पश्चिमेला राई, मुर्धा, मोर्वा, उत्तन ही जुनी गावं. भांडी दाराशीच बनतात, तरी कुकर गळायला लागला की आमची पंचाईत तुमच्यासारखीच. डाळ शिजत नाही, गॅस जळत राहतो. मग घरातलं कुणी म्हणतं, "टाकून दे, नवीन घे." कुणी म्हणतं, "शिट्टीवर काहीतरी जड ठेव." यातलं पहिलं बहुतेक वेळा गरजेचं नसतं आणि दुसरं तर जिवावर बेतणारं असतं.

उघड्या पातेल्यात पाणी साधारण १०० अंशांना उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडते, म्हणून आतली उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते आणि डाळ लवकर शिजते. वाफ बाहेर निसटली की हे सगळं फुकट. म्हणून आधी ती कुठून निसटते ते बघायचं.

झाकणाच्या कडेने वाफ येत असेल तर रिंग बघा, म्हणजे आपण जिला रबर किंवा वायसर म्हणतो ती. कुकर पूर्ण थंड झाल्यावर ती काढा, धुवा, बोटांनी वाकवून बघा. तडा दिसला, कडक झाली असेल किंवा सैल पडली असेल तर बदला. नवी घेताना कुकरची कंपनी आणि लिटर सांगा. तीन लिटरची रिंग पाच लिटरला चालत नाही. रिंग चांगली असेल तर दांड्याचे स्क्रू ढिले आहेत का बघा आणि कुकरची कड हाताने चाचपा. पळी कडेवर आपटायची सवय आपल्या सगळ्यांना. त्यानेच कड चेपते आणि तिथून वाफ सुटते.

शिट्टीतून फेस, पाणी येत असेल तर बहुधा कुकर जास्त भरलाय किंवा आच मोठी आहे. डाळ, तांदूळ फुगतात, त्यांना कुकर निम्म्याच्या वर भरू नका. शिट्टीच होत नसेल तर शिट्टी ज्या नळीवर बसते ती उजेडाकडे धरून आरपार बघा. डाळीचं साल अडकलं असेल तर बारीक तारेने साफ करा. हे रोज कुकर लावण्याआधी बघायचं. दोन क्षणांचं काम आहे.

आता सेफ्टी व्हॉल्व्ह. झाकणावरचं ते लहानसं बटण. पाणी आटलं किंवा नळी तुंबली की ते उडतं आणि वाफेला वाट देतं. व्हॉल्व्ह उडाला म्हणजे कुकरने आपल्याला वाचवलं. गॅस बंद करा, लांब उभ्या राहा, थंड होऊ द्या. मग कारण शोधा आणि त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह बसवून घ्या. तिथे स्क्रू, खिळा, एम-सील काही म्हणजे काही लावायचं नाही. वाफेला दुसरी वाट उरली नाही तर झाकणच उडतं, आणि शेगडीपुढे आपणच उभ्या असतो.

कुकरच्या अंगालाच भोक किंवा तडा असेल तर मात्र तो मोडीत काढा. पितळेच्या पातेल्याला डाग देऊन भागतं, कुकरला नाही.

आमच्यातल्या काही जणी मीरा रोडला घरकामाला जातात. तिथे कॉफीचं इटालियन भांडं असतं. खाली पाणी, मध्ये पूड, वर कॉफी. हे भांडं १९३३ सालचं. ते मध्यावर गळलं तर उपाय आपल्या कुकरचाच. थंड झाल्यावर उघडा, कडेला अडकलेली पूड पुसा, रिंग बघा, नीट घट्ट करा. त्यालाही सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी त्याच्या खालीच ठेवायचं आणि तो कधी बुजवायचा नाही.

नवा कुकर घ्यायचाच झाला तर आयएसआयची खूण बघा. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला ती सक्तीची आहे. बाजारात स्वस्तात बिनखुणेचा मिळाला तरी घेऊ नका.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं झाकण घेऊन या. रिंग, नळी, व्हॉल्व्ह एकमेकींचे तपासा. ज्यांना रिंगा लागतील त्यांची माप लिहून यादी करा आणि तालुक्याला जाईल तिच्याकडे द्या. एकीच्या फेरीत सगळ्यांचं काम होईल.