सुई टोचून घेण्यापूर्वी

रायपूरच्या बूढा तालाबाकाठी सकाळी फिरावयास जाणाऱ्या मंडळींत गुडघे आणि कंबर हे संभाषणाचे हमखास विषय. "अॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्याव्यात का हो?" हा प्रश्न मला तेथेच विचारला जातो. मी वैद्य नव्हे. परंतु कचेरीच्या खुर्चीने बहाल केलेल्या कंबरदुखीपायी मी स्वतः हे उपचार घेतले आहेत. तेव्हा नवख्या रुग्णाच्या उपयोगी पडेल, तेवढेच सांगतो.

ही विद्या मूळची चीनची. १९३८ साली तेथे गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील सोलापूरचे डॉ. कोटणीस आपणांस ठाऊक आहेत. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर आणि बंगालचे डॉ. बसू हेही होते. कोटणीसांनी १९४२ साली तिकडेच देह ठेवला. बसूंनी पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून १९५९ साली कलकत्त्यास तिचा आरंभ केला. आज महाराष्ट्रात या चिकित्सेसाठी स्वतंत्र कायदाही आहे.

पहिली भीती सुईची. इंजेक्शनची सुई पोकळ असते. ही भरीव आणि कितीतरी बारीक. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते, मग जडपणा किंवा झिणझिण्या. वीस-तीस मिनिटे स्वस्थ पडून राहावे लागते. उपाशीपोटी जाऊ नये, घेरी येते. सुयांचे बंद पाकीट आपल्यासमोर फोडले जावे, आणि वापरलेली सुई पुन्हा वापरली जाऊ नये. नाहीतर रक्तातून पसरणारी कावीळ जडण्याचा धोका असतो. हे विचारताना भीड धरू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हृदयाशी पेसमेकर असेल किंवा स्त्री गरोदर असेल, तर आधीच सांगावे. टोचल्या जागी थेंबभर रक्त येणे किंवा निळा डाग पडणे किरकोळ; पण छातीपाठीवर सुया टोचल्यानंतर धाप लागली, तर तडक रुग्णालय गाठावे.

गुण येतो का? जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांनी शंभरातील सुमारे २७ जणांस आराम पडला, सुयांनी सुमारे ४८ जणांस. मात्र मुद्दाम भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या सुयांनीही सुमारे ४४ जणांस बरे वाटले! तेव्हा दुखणे हलके होऊ शकते, हे खरे. पण सुई सर्व रोग हरते, असे कोणी सांगू लागल्यास तेथून उठावे.

आता मुख्य गोष्ट. माझ्या मावशीची पाठ दुखे. कोणतीही तपासणी न करता तिने तीन महिने सुया टोचून घेतल्या. अधूनमधून बरे वाटे, म्हणून आम्हीही निर्धास्त राहिलो. अखेर पाय लटपटू लागले, तेव्हा कण्याचा क्षय निघाला. औषधांनी ती बरी झाली. पण काठी कायमची हाती आली. दोष सुईचा नव्हता. दुखणे कशाचे, हे विचारण्याआधीच आम्ही ते गप्प करू पाहिले, हा दोष आमचा.

म्हणून श्रोतेहो, आधी निदान, मग सुई. आणि चालू औषधे डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नयेत. वेदना ही दारी आलेली निरोप्या आहे. तिला निरोप देण्यापूर्वी तिचा निरोप ऐकून घ्यावा.