माहेरचं रक्त

(कर्वेनगर येथील महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, सातव्या महिन्यात माझे पाय सुजले, बीपी १६०/११० वर गेलं. सासूबाई म्हणाल्या, "माहेरचं रक्तच तसलं." माझ्या आईला बीपी होतं, म्हणून मीही गप्प बसले.

रक्तदाबाशी संबंधित जनुकीय फरक आज हजाराहून जास्त सापडलेत. एकेकाचा परिणाम पाऱ्याच्या एका मिलिमीटरहूनही कमी. आणि गरोदरपणातल्या बीपीचं काय? २०१७ साली त्याचा धोका वाढवणारा फरक सापडला, तो आईच्या नव्हे, गर्भाच्या जनुकांत! 'एफएलटी-१' या जनुकापाशी. त्यातून बनणारं प्रथिन वारेतून आईच्या रक्तात जास्त उतरलं की तिच्या रक्तवाहिन्या बिघडतात. गर्भाची निम्मी जनुकं बापाची असतात, हे सासूबाईंना कोण सांगणार? (आईकडचा वारसा असतोच, तो मी नाकारत नाही.)

बाळंतपणानंतर बीपी उतरलं, सगळे विसरले. अशा बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, दरवर्षी बीपी मोजायला हवं, हे मला कुणी सांगितलं नाही. चाळिशीत पुन्हा बीपी निघालं. डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणाची फाईल मागितली. ती मी रद्दीत घातली होती. तुमच्यापैकी कितीजणींकडे आहे?