पोळ्याचं आवतण



शहरांत मोटारींची प्रदर्शनं भरतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं तसं प्रदर्शन म्हणजे श्रावण अमावास्येचा पोळा. शिंगांना रंग, कपाळी बाशिंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या होतात, तोरण तुटलं की पोळा फुटतो. मग घरोघरी पुरणपोळी. पहिला घास बैलाचा.

मला मात्र आदला दिवस मोठा वाटतो. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं.

आता मशागत ट्रॅक्टरनं होते. तोरणाखालच्या जोड्या कमी झाल्या. बैलजोडी परवडत नाही, त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. पण आपल्या फीसाठी, वह्या-पुस्तकांसाठी राबलेले खांदे बैलांचे होते, तसेच आईबापांचेही होते. त्यांतले काही अजून गावात आपली वाट पाहतात. शेगावची कचोरी पुण्यातही मिळते. त्यांच्या हातचं पोळ्याचं ताट तिथं मिळत नाही.

म्हणून विनंती एवढीच, की पुढचा मेळावा पोळ्याला घेऊ. आवतण आजच देतो. जेवायला या.