शेजारी बसायचं कुणी?

(रे रोड येथे वस्तीतल्या महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)



गेल्या महिन्यात दुपारी दारूखान्यातल्या एका घरी गेले होते. आई कामावर गेली होती. चार वर्षांचा मुलगा टीव्हीवर अंकांचा कार्यक्रम बघत होता. शेजारी त्याची नऊ वर्षांची ताई. शाळेत का गेली नाहीस, असं विचारल्यावर म्हणाली, "टीव्ही लावून दिला तरी हा एकटा बसत नाही." म्हणजे धाकटा शिकत होता आणि मोठीची शाळा बुडत होती.

टीव्हीला नावं ठेवायला मी उभी नाही. अमेरिकेत 1969 साली 'सेसमी स्ट्रीट' सुरू झालं, ते शाळेआधीच मागे पडणाऱ्या गरीब मुलांचा विचार करून. आपल्याकडे 2006 साली 'गल्ली गल्ली सिम सिम' आलं. त्यातली चमकी गणवेश घालून शाळेत जाते, प्रश्न विचारते. आपल्या मुलींना पडद्यावर अशी मुलगी दिसणं ही लहान गोष्ट नाही. 2020 साली कोविडमुळे शाळा बंद होत्या, तेव्हा सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका झाली. स्मार्टफोन नसलेल्या पण टीव्ही असलेल्या घरांना तिचा आधार होता.

पण मूल चुकलं, तर ते पडद्याला कळत नाही. तो पुढे जातो. अगदी लहान मूल तर पडद्यापेक्षा समोरच्या माणसाकडूनच जास्त शिकतं. कुणी शेजारी बसलं, "आता आपल्या घरातले चमचे मोज" म्हणालं, तर पडद्यावरचे पाच मुलाच्या हातात येतात.

मग शेजारी बसायचं कुणी? सल्ला देणारे म्हणतात, 'पालकांनी'. आपल्याकडे पालक म्हणजे आई, आणि आई कामावर असली की मोठी मुलगी. बापाचं नाव कुणी घेत नाही.

एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शाळापूर्व शिक्षण हे तिचंच काम आहे. तरी शेजारी बसून शिकवणाऱ्या अंगणवाडी सेविकेला आजही वेतन नाही, मानधन मिळतं. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला 2022 साली सर्वोच्च न्यायालय लागलं. मुलांजवळ बसणं हे बाईचं 'असंच' काम, हा समज घरात आहे तसाच सरकारातही आहे.

म्हणून आपली मागणी नुसत्या टीव्हीची नको. अंगणवाडी आईच्या कामाच्या वेळेत उघडी हवी, सेविकेला पुरतं वेतन हवं. तिथे टीव्हीही असू दे, तिच्या हाताखाली. आणि घरी रोज पंधरा मिनिटं बापानं मुलाशेजारी बसावं.

त्या घरी बापाशी बोललो. चार दिवस तो बसला, पाचव्या दिवशी नाही. ताई अजून आठवड्यातून दोन दिवस घरीच असते. आपल्याला पुन्हा त्या घरी जायचं आहे.