अर्धा मिलिलिटर आणि रात्रपाळी

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



"तू नेमकं करतेस काय?" असं सकाळपासून चौघांनी विचारलं. मी भूलतज्ज्ञ. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा बाईंनी आपल्याला भूगोलाच्या नकाशात नवी रेघ मारायला लावली होती. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना माझी नोकरी झाली.

सिझेरियनसाठी आम्ही कमरेत, मणक्यातल्या द्रवात इंजेक्शन देतो. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बियर यांनी कोकेन वापरून अशी भूल दिली होती. आज आपल्याकडे बुपिव्हॅकेन असतं, साधारण दोन मिलिलिटर. आई जागी असते, बाळाचं पहिलं रडणं ऐकते. पण दोन-तीन तासांत बधिरपणा उतरतो आणि टाके दुखू लागतात.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत भामरागडकडची एक माडिया मुलगी आली. संध्याकाळी सिझेरियन झालं. रात्री राउंडला गेले, तर केसपेपरवर लिहिलेलं, 'पेशंट शांत'. बाळ मात्र आजीकडे रडत होतं. आजीने हातवारे करून सांगितलं, हिला कुशीवर वळताच येत नाही, पाजणार कशी? तिच्या भाषेत तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिचं गप्प राहणं आम्ही आराम समजलो.

तेव्हापासून मी बुपिव्हॅकेनमध्ये थोडं फेंटानिल मिसळते. जास्तीत जास्त २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिलिटर. ऑपरेशनमध्ये पोटात ओढल्यासारखं कमी वाटतं, नंतरचे एक-दोन तासही सुसह्य जातात. थोडी खाज सुटते, इतकंच. पण दशांश चिन्ह चुकलं की डोस दहापट! सर, त्या चिन्हासाठी खाल्लेली तुमची छडी मला दर वेळी आठवते. इन्सुलिनच्या सिरिंजने मोजते आणि सिस्टरला मोठ्याने वाचून दाखवते.

मग मॉर्फिन का नाही? त्याचे १०० मायक्रोग्रॅम जवळजवळ दिवसभर दुखणं थोपवतात. पण श्वास मंदावायचा धोका कित्येक तासांनी, ऐन मध्यरात्रीही येऊ शकतो. म्हणून दिवसभर, रात्रभर ठरावीक वेळाने श्वास मोजावे लागतात. अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर असेल, तिथे मी ते देत नाही. तिथे फेंटानिल, आणि दुखणं वाढायच्या आधीच वेळेवर पॅरासिटामॉल. सिरिंजमध्ये काय मिसळायचं, हे मी पुस्तकाइतकंच रात्रपाळीचा तक्ता पाहून ठरवते.

आपल्यातले काही जण आज जिल्हा परिषदेत आहेत, काही मंत्रालयात. भूलतज्ज्ञाचं पद भरा असं तुम्ही म्हणता, ते म्हणाच. पण सोबत रात्रीची दुसरी सिस्टरही मागा, आणि जमलं तर माडिया-गोंडी बोलणारी मागा. "दुखतंय का?" हे विचारायला कोणीतरी जागं असावं लागतं.